हॉइटचे पाच बास

माझा थोरला भाऊ हॉइट. सकाळी काय खाल्लं ते त्याला दुपारी आठवत नाही, पण आमच्या तळ्याच्या तळाशी बुडालेलं एकेक खोड पाठ आहे. डॉक्टरांनी त्या दुखण्याला लांबलचक नाव दिलंय. त्याची बायको मॉडीन त्याला नुसतं 'ते' म्हणते. एप्रिलमध्ये हॉइट कुणाला न सांगता एकटाच बोट घेऊन गेला आणि परतीची वाट विसरला. पाच तास आम्ही शोधत होतो. सापडला तेव्हा धरणाच्या भिंतीपाशी निवांत गळ टाकत बसला होता. वर आम्हालाच म्हणाला, "आरडाओरडा करून मासे कशाला पळवताय?"

त्याच दिवशी मॉडीनने बोट विकायला काढली. हॉइटने दोन दिवस अन्नाला हात लावला नाही. शेवटी मी मध्ये पडलो, तेव्हा तिने अट घातली. मे महिन्यात आमच्या मासेमारी क्लबची बास जातीचे मासे धरायची स्पर्धा असते. त्यात हॉइटने पंधरा इंचांच्या वरचे पाच बास स्वतः धरायचे आणि स्वतः वजनकाट्यावर न्यायचे. जमलं तर बोट राहील. नाही जमलं तर पुढच्या शनिवारी बोटीला गिऱ्हाईक येणारच होतं.

"आणि व्हर्लन, बोटीत तू एक अक्षर बोलायचं नाहीस," ती मला म्हणाली. "तू सांगणार आणि तो करणार, तसलं मला नको. तो अजून आत आहे का, ते मला बघायचंय."

"मी बोललो हे तुला कळणार कसं?"

"तुझा चेहरा मी चाळीस वर्षं बघतेय. तुला साधा पत्ता लपवता येत नाही."

ते मात्र खरं आहे. पत्त्यांत मी तिच्याकडून कायम हरत आलोय.

स्पर्धेच्या सकाळी धक्क्यावरून निघेपर्यंत हॉइटने मला तीनदा विचारलं, आज काय आहे म्हणून. तिन्ही वेळा मी मुकाट्याने छातीवरचा स्पर्धेचा बिल्ला दाखवला. पण बोट कमळाच्या पानांशी लागली, त्याने गळाला लावलेला रबरी बेडूक उचलला, आणि माझा भाऊ परत आला. दुसरं काय म्हणू?

बेडूक पानांवरून टुणटुण येत होता. एकदम खालून माशाने पाणी फोडलं. माझ्या हातात गळाची काठी असती तर मी तिथेच झटका मारला असता, आणि बेडूक रिकामा माझ्या तोंडावर आला असता. हॉइट थांबला. दोर ताणला जाऊन वजन लागेपर्यंत थांबला आणि मग झटका मारला.

"बघितलंस ना, बारक्या?" मासा आत घेत तो म्हणाला. "त्याला तोंड तर मिटू दे! तू पाणी उडालेलं बघून झटका मारतोस. लग्नही तसंच केलंस."

मला हसू आवरेना. बोलायची बंदी होती, हसायची नव्हती.

दुसरा आणि तिसरा बुडालेल्या खोडांपाशी, रबरी गांडुळावर. खोडाच्या पलीकडे टाकायचं, तळाला जाऊ द्यायचं, आणि नजर काठीवर नाही, दोरावर ठेवायची. बास हिसका देत नाही, नुसता तोंडात घेऊन बाजूला चालू लागतो. दोर सरकला की काठी खाली, ढील गोळा, मग झटका. हे सगळं मला त्यानेच शिकवलंय आणि मी ते निम्मंही शिकलो नाही. ऊन चढलं तसे मासे सावलीत गेले. हॉइटने एका बोटघराच्या फळ्यांखाली, वीतभर फटीतून, पाण्यावर चपटा दगड खेळवावा तसा गळ आत सरकवला. तो चौथा.

पाचवा लागला दुपारी एकच्या सुमारास, खडकाळ टोकाशी. तिथे तो गळाचा लाकडी मासा मुद्दाम दगडांवर आपटत आणत होता. आपटला की क्षणभर थांबवायचा. त्या थांबण्यावरच धाड पडली. लागलेला बास दोनदा हवेत उडाला, आणि दोन्ही वेळा हॉइटने काठी खाली पाण्यात घातली, दोर सैल पडू दिला नाही. जाळीत आला तो सहा पौंडांच्या वर होता. हॉइटने त्याला खालच्या ओठाला धरून उचललं, तेव्हा शेजारून जाणाऱ्या सहलीच्या बोटीतल्या बायकापोरांनी टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या मारल्या. हॉइटने टोपी काढून त्यांना वाकून नमस्कार केला.

पाच! बोटीतल्या पाण्याच्या टाकीत पाचही जिवंत, पंप सुरू, वजनाला अजून दोन तास. मी मनातल्या मनात मॉडीनशी बोलायलाही लागलो होतो. शीतपेटीतून सँडविच काढायला वळलो, आणि मागे टाकीचं झाकण उघडल्याचा आवाज आला.

हॉइट बोटीच्या कडेला गुडघे टेकून बसला होता. एक मासा ओठाला धरून तो पाण्यात मागेपुढे हलवत होता. मला वाटलं, लहान आहे की काय ते बघतोय. माशाने शेपूट मारली आणि तो गेला.

आमच्या क्लबात वजन झालं की ज्याने धरला त्यानेच आपल्या हाताने मासा सोडायचा असतो. हलवत राहायचं, त्याच्या अंगात जोर आला की हात सैल करायचा. हा नियम हॉइटनेच अठ्ठावीस वर्षांपूर्वी आणला.

माझा मूर्खपणा बघा, मॉडीनला शब्द दिला म्हणून दुसरा मासा जाईपर्यंत मी गप्प बसलो. मग मात्र ओरडलो, "हॉइट! अरे, वजन व्हायचंय अजून!"

"झालं की," तो म्हणाला. चेहरा असा उजळलेला, की बघवेना. "टाळ्या नाही ऐकल्यास? पहिला आलोय मी!"

"ती सहलीची माणसं होती रे. ठेव ते मासे. बोट जाईल, हॉइट. मॉडीन बोट विकेल."

"मी जिंकलो की तुझं हे असं सुरू होतं," तो म्हणाला, आणि तिसरा सोडला. चौथाही सोडला.

तो मोठा मासा त्याने बाहेर काढला तेव्हा मी त्याचं मनगट धरलं. घट्ट. तो माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा आहे, मी त्याच्या अंगाला असा हात कधी लावला नव्हता. आम्ही दोघं म्हातारे बोटीत झोंबत होतो आणि मधे तो मासा तोंड वासून गुदमरत होता.

"हात सोड, बारक्या," हॉइट कळवळून म्हणाला. "कोरडा पडतोय तो. मरेल ना!"

आणि माझी बोटं सुटली. खोटं कशाला सांगू? विचार करून नाही सोडली. आयुष्यभर या माणसाकडून एवढंच तर शिकलो होतो, की माशाला पाण्याबाहेर जास्त वेळ धरायचं नाही. हॉइटने त्याला पाण्यात धरलं, बराच वेळ हलवलं, त्याच्याशी काहीतरी बोलला. मग तोही गेला.

परत येताना बोट मी चालवली. वाटेत तेवढाच विचार. मासे लागलेच नाहीत म्हणालो तरी बोट जाणार. खरं सांगितलं तर नक्कीच जाणार. मग निदान त्याची लाज तरी राखावी.

मॉडीन धक्क्यावर उभी होती. तिची नजर आधी माझ्या हाताकडे गेली, मग हॉइटच्या. दोघांचेही रिकामे.

"आज लागलंच नाही काही," मी म्हणालो. "पाणी गढूळ होतं."

"खोटं बोलतोय हा!" हॉइट भडकला. "पाच धरले मी, मॉडीन. शेवटचा सहा पौंडांचा. विचार त्याला! लहानपणापासून जळतो माझ्यावर." मग लगेच त्याचा राग उतरला. त्याने वाकून बोटीची किल्ली काढली आणि तिच्या हातात ठेवली. "हे धर जरा. मला वर जाऊन बक्षीस घ्यायचंय."

टोपी सरळ करत तो काट्याच्या टेबलाकडे गेला आणि रांगेच्या पुढे जाऊन उभा राहिला. मागच्यांच्या हातात माशांच्या जड पिशव्या होत्या. कुणीच त्याला काही बोललं नाही.

"पाच होते?" मॉडीनने हळूच विचारलं.

"पाच. असे धरले, की मी उभ्या जन्मात बघितले नाहीत. आणि मग वजन झालं समजून सोडून दिले."

ती त्याच्या पाठीकडे बघत राहिली.

"म्हणजे आत आहे तो अजून."

"आहे."

"तरी विकावी लागेल ना रे?"

मी बोटीकडे बघितलं, तिच्याकडे बघायचं धाडस नव्हतं. "हो," म्हणालो.