गॅरेजमध्ये दर वेळी सुरू होणारी गाडी

गाडी पहिल्यांदा अडली तो बुधवार होता. हे पुढच्या सीटवर बसले होते. मांडीवर पिशवी, पिशवीत चादर, फाइल आणि चार बिस्किटं. सूनबाईने किल्ली फिरवली आणि काहीच झालं नाही. गाडी खोकली नाही, गुरगुरली नाही. मेलेल्याच्या कानात हाक मारावी तसं झालं.

ह्यांच्या दोन्ही किडन्या गेल्या आहेत. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी आठ ते बारा त्यांना मशीन लावतात. रक्त बाहेर काढतात, धुतात, परत आत सोडतात. लघवी होतच नाही, म्हणून घोटभर पाणी प्यायले तरी ते अंगातच राहतं. एक खेप चुकली की पाय सुजतात, आणखी उशीर झाला की पाणी छातीत चढतं. डॉक्टरांनी मला हे कागदावर चित्र काढून समजावलं. चित्राची गरज नव्हती. माणूस बुडतो म्हणजे काय होतं ते मला कळतं.

आमचं घर जुन्या खाणीच्या वर, चढाच्या टोकाला. बस दिवसातून दोनदा, तीही खालच्या वळणापर्यंतच. टॅक्सीवाले चढाचं नाव ऐकलं की फोन ठेवतात. मुलगा बोटीवर, वर्षातले सहा महिने पाण्यावर. म्हणजे ह्यांचा जीव काय तो त्या जुन्या पांढऱ्या गाडीच्या आणि ती चालवणाऱ्या सुनेच्या हातात.

त्या दिवशी चौथ्या वेळी सुरू झाली. भीती झाकायची म्हणून मी सुनेवर घसरले.

"तुझा हातच जड. किल्ली काय अशी मुरगळतात?"

"आई, गाडी आहे ही. गोंजारून उठायला मांजर नाही."

"मांजर बरं. निदान हाकेला ओ देतं."

हे हसले. हसताना त्यांना धाप लागली, तशी सूनबाईने गाडी पुढे काढली.

दुसऱ्या दिवशी गाडी मिस्त्रीकडे नेली. मीही गेले, कारण किल्ल्यांचा जुडगा जिथे तिथे मी. घरातली एकूण एक किल्ली माझ्या कमरेच्या जुडग्यात असते. कपाटं, कोठी, फाटक, माळा, टाकीचं झाकण, पत्र्याची पेटी. सतरा किल्ल्या, वर एक बंद पितळी कुलूप. त्याचं दार कधीच गेलं, पण कुलूप चांगलं होतं, टाकवेना. गाडीची किल्लीही त्यातच. मागे मुलाने कोठीची किल्ली परस्पर काढून हरवली, तेव्हा मी वेल्डिंगवाल्याकडून कडीचा सांधाच बंद करून घेतला. गाडी काढायची तर माझ्याकडे जुडगा मागायचा, आल्यावर माझ्या हातात ठेवायचा. पण गॅरेजवाल्याला द्यायला वेगळी, सुटी किल्ली. परक्याच्या हातात घराच्या किल्ल्या द्यायला मला वेड लागलेलं नव्हतं.

मिस्त्री चाळिशीचा, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, नखं कायमची काळी. त्याने सुटी किल्ली लावली, फिरवली. गाडी लगेच सुरू. बंद केली, परत सुरू. दहा वेळा केलं. दहाही वेळा गाडी शहाण्या मुलासारखी वागली.

"मावशी, हिला काही झालेलं नाही."

"डॉक्टर दिसला की ताप पळतो, तसं आहे हे. घरी येऊन बघ तिचा थाट."

त्याने तारा हलवल्या, मीटर लावला, म्हणाला बॅटरी चार वर्षांची आहे, तिचाच दोष असेल. नवी बॅटरी सहा हजार. दिले. शुक्रवार नीट गेला आणि सोमवारी परत तेच. सहा वेळा किल्ली फिरवली तेव्हा उठली. मग मिस्त्री म्हणाला, स्टार्टर. त्याचे साडेसात हजार.

"गाडी विकली तर एवढे येतील का रे?" मी विचारलं.

"विकायची का मग?"

"नाकापेक्षा मोती जड झालाय, पण नाक कापून कसं चालेल? कर बाबा, कर."

स्टार्टर घातल्यावरही गॅरेजमध्ये दहातून दहा. घरी येऊन दोन दिवस बरी आणि तिसऱ्या दिवशी हट्टी. सुनेने वहीत लिहायला सुरुवात केली. थंडी होती का, गाडी तापली होती का, रात्रभर उभी होती की तासभर. काही मेळ बसेना. कधी गार असताना उठायची, कधी गरम असताना नाही. ही अशी भीती मला नवी होती. रोज बंद पडणाऱ्या गाडीला माणूस सोडून देतो. हिच्यावर धड भरवसाही ठेवता येईना आणि धड आशाही सोडता येईना. मशीनच्या दिवशी मी पहाटेच उठून बसायची आणि ह्यांचा श्वास मोजायची. मग खिडकीतून अंगणातल्या गाडीकडे बघायची. तीही माझ्याकडे बघतेय असं वाटायचं.

मग तो शुक्रवार आला. पाऊण तास गाडी उठली नाही. हे आत बसून घामाने भिजले. पोचलो तेव्हा त्यांच्या मशीनवर दुसऱ्याला बसवलं होतं. नर्स म्हणाली, मधे दोन तास देते, त्याहून जास्त जमणार नाही. चार तासांचं काम दोन तासांत. घरी येताना ह्यांचे बूट पायात जाईनात.

शनिवारी मी गॅरेजात जाऊन मिस्त्रीला जे बोलायचं ते बोलले. तो ऐकून घेत होता, कारण त्याच्या डोळ्यादेखत गाडी परत दहा वेळा सुरू झाली होती आणि दोष कुठे आहे ते त्यालाही सापडत नव्हतं. शेवटी म्हणाला, "मावशी, मला ती बिघडलेली बघायला मिळाली पाहिजे. मंगळवारी पहाटे मी स्वतः येतो आणि दिवसभर तिच्यामागे बसतो. सुटी किल्ली माझ्याकडे राहू दे." मी क्षणभर विचार केला आणि दिली. एका किल्लीने घर लुटलं जात नाही.

रविवारी ह्यांना आडवं पडता येईना. उशा लावून बसवलं. सोमवारी सकाळी बोलताना दर दोन शब्दांनी थांबायला लागले. ओठांचा रंग मला आवडला नाही. सूनबाईने त्यांना एका बाजूने धरलं, मी दुसऱ्या. दारापासून गाडीपर्यंत वीस पावलं, त्यात तीनदा थांबलो.

मी जुडगा काढून तिच्या हातात दिला आणि मागे बसले. तिने किल्ली लावली, फिरवली.

काही नाही.

परत. काही नाही. परत.

"थांबून कर," मी म्हणाले.

"थांबूनच करतेय."

"मग थांबू नकोस!"

हे म्हणाले, "अगं... भांडू..." आणि पुढचा शब्द आलाच नाही. त्यांच्या छातीतून आवाज यायला लागला, उकळत्या पाण्यावरचं झाकण हलतं तसा. मी मागून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. खांदा वरखाली होत होता आणि हवा मात्र कुठेच जात नव्हती. अँब्युलन्सला फोन केला. बाई म्हणाली, सगळ्या बाहेर आहेत, तास लागेल. शेजाऱ्यांकडे फक्त एक दुचाकी. धड उभंही राहता न येणाऱ्या माणसाला तिच्यावर बसवणार कसं?

सूनबाईने मिस्त्रीला फोन लावला आणि स्पीकर चालू करून तो मांडीवर ठेवून किल्ली फिरवत राहिली.

"दिवे लागतात का?" मिस्त्री विचारत होता.

"लागतात. किल्ली पुढे नेली की विझतात."

"आवाज?"

"काहीच नाही."

"परत फिरवा. मला ऐकू द्या."

तिने फिरवली. मग तो म्हणाला, "हे काय खुळखुळतंय?"

"सासूबाईंच्या किल्ल्या."

"कुठे आहेत?"

"ह्याच कडीत. गाडीच्या किल्लीबरोबर."

"किती?"

"सतरा. आणि एक कुलूप."

"कुलूप?" तो जवळजवळ ओरडलाच. "आणि माझ्याकडे गाडी यायची तेव्हा हे सगळं कुठे असायचं?"

सूनबाईने आरशातून माझ्याकडे बघितलं.

"माझ्या कमरेला," मी म्हणाले.

"मावशी, किल्ली जिथे घालतो ते कुलूप आतून झिजलंय. एवढं वजन लटकलं की किल्ली खाली ओढली जाते, आतला विजेचा जोड लागत नाही. कधी लागतो, कधी नाही. सुट्या किल्लीने दर वेळी लागायचा. आता काढा ती किल्ली जुडग्यातून."

"निघत नाही. सांधा बंद केलाय."

"कोणी?"

"मीच."

"मग जुडगा हातावर उचलून धरा. वजन किल्लीवर येऊ द्यायचं नाही. आणि सुरू झाली तरी सोडू नका. उतारावर गाडी बंद पडली तर स्टिअरिंग जड होईल, ब्रेकही नीट लागणार नाही. मी सुटी किल्ली घेऊन दवाखान्यातच येतो."

दोन सीटांच्या मधून मी हात पुढे घातला आणि जुडगा तळहातावर झेलून वर धरला. इतकी वर्षं कमरेला होता, तिथे त्याचं वजन कधी कळलं नव्हतं. सूनबाईने किल्ली फिरवली. नाही. मी आणखी थोडा वर उचलला. तिने परत फिरवली आणि गाडी सुरू झाली.

तो चढ उतरायला एरवी दहा मिनिटं लागतात. एका बाजूला खाण आहे, कठड्याला तीन ठिकाणी भगदाडं आहेत. मी रस्त्याकडे बघितलंच नाही, फक्त जुडग्याकडे बघत होते. हात खाली गेला तर आम्ही तिघं खाणीत आणि हात जास्त वर गेला तर किल्ली फिरायची. प्रत्येक वळणावर सुनेचं कोपर माझ्या मनगटावर आदळायचं. ती "सॉरी" म्हणायची आणि मी "पुढे बघ" म्हणायची. ह्यांचा आवाज एकदा थांबला. मी हाक मारली. ओ नाही. वळून बघितलं असतं तर हात हलला असता.

"बघ गं जरा, आहेत ना?"

"आहेत, आई. डोळे उघडे आहेत."

"खरं सांगतेस ना?"

"खरं."

खालच्या रस्त्याला लागलो तेव्हा माझ्या दंडात गोळा आला. बोटं बधिर झाली. दवाखाना अजून पंचवीस मिनिटं लांब होता. त्या पंचवीस मिनिटांत मी देवाला काय काय कबूल केलं ते मी कोणाला सांगणार नाही.

दारात स्ट्रेचर आणलं, ह्यांना आत नेलं, तोंडावर ऑक्सिजन लावला. डॉक्टर धावत मागून गेले. जाता जाता म्हणाले, "आणखी थोडा उशीर झाला असता तर..."

"पुढचं बोलू नका," मी म्हणाले. डॉक्टरांना मी असं पहिल्यांदाच तोडलं.

मिस्त्री अर्ध्या तासात आला. सुटी किल्ली, एक करवत आणि गाडीचं नवं कुलूप घेऊन. दवाखान्याच्या आवारातच जुनं काढून नवं बसवायला बसला. कुलपाचे चौदाशे, मजुरी दोनशे.

"आणि बॅटरी? आणि स्टार्टर?" मी विचारलं.

त्याने चष्मा पुसला. "रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं झालं मावशी. तुमचा जुना स्टार्टर माझ्याकडेच आहे, तो परत घालतो आणि पैसे देतो. बॅटरी आता परत घेता येणार नाही. पण मला काय स्वप्न पडणार होतं, की गाडीच्या कानात अख्खं घर टांगलंय?"

दुसरं कोणी असं बोललं असतं तर मी त्याची सालटी काढली असती. मी सोळाशे मोजून दिले आणि कडी कापायला सांगितली. करवतीचा आवाज बाकावर बसून ऐकला.

तासाभराने नर्स बाहेर आली. पाणी निघतंय, श्वास सुधारतोय, म्हणाली. माझा उजवा हात अजून तसाच होता, जुडगा धरल्यासारखा वाकलेला. बोटं सरळ होईनात. सूनबाईने तो आपल्या मांडीवर घेतला आणि एकेक बोट चोळून उघडायला लागली. तीन आठवडे मी तिच्या हाताला नावं ठेवली होती.

"माझ्यामुळे झालं गं हे," मी म्हणाले.

मला वाटलं ती म्हणेल, नाही हो आई, असं काय बोलता. तिने अंगठा उघडला, मग पुढचं बोट.

"हो," ती म्हणाली. "तुमच्यामुळेच."

मग मी विचारलं, "बुधवारी किती वाजता निघायचं?"

"सव्वासातला. किल्ली माझ्याकडे राहील. आणि तुम्ही घरी आराम करायचा, दंड बघा किती सुजलाय."

"मी येणार."

"मग सातला तयार राहा," ती म्हणाली. "मी थांबणार नाही."