हजार मैल पाण्यातली घोंगडी

मी एक घोंगडी. काळी, राठ, आटपाडीकडची. टोचते म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी खुशाल लांब बसावं. रंगुबाईनं आपल्याच मेंढरांची लोकर कातली, सनगरानं मला विणलं आणि चिंचोक्याची खळ देऊन ताठ केलं. तिचा लेक सिद्धू पलटणीत निघाला, तेव्हा तिनं मला त्याच्या खांद्यावर टाकलं.

१९४२ साली आमचं जहाज आफ्रिकेला निघालं. पाणबुड्या चुकवायच्या म्हणून ते पार दक्षिणेला वळवलं. तरी व्हायचं ते झालंच. भरदुपारी टॉर्पेडो बसला आणि जहाज मधोमध फाटलं. पाण्यावरचं तेल पेटलं. पोहणारी माणसं ओरडत जळाली. माणसं माणसांना असं मारतात, हे मी तेव्हा पाहिलं.

जहाजाच्या एका होडीत चौघंच आले: मला खांद्यावर घेतलेला सिद्धू, त्याचा जिवलग तासगावचा सयाजी आणि दोन खलाशी.

"जमीन कुठल्या अंगाला हाय?" सयाजीनं विचारलं.

"कुठल्याही अंगाला हजार मैल," खलाशी म्हणाला.

तिथं पाखरूसुद्धा येत नव्हतं. आठव्या दिवशी खलाशी बेशुद्ध पडले. सयाजी समुद्राचं पाणी प्याला आणि त्याचं डोकं फिरलं. शेवटच्या पाण्याच्या डब्यासाठी तो चाकू घेऊन धावला.

"सया, माघारी हो रं!"

सिद्धूनं वल्हं हाणलं. सयाजी माझ्यावर कोसळला. पहिल्याच घावात चाकू सुटला होता, तरी सिद्धूनं दुसरा घातला. मग प्रेत पाण्यात लोटलं. मला सिद्धूचा फार राग आला. दोन दिवसांनी एक जहाज भेटलं. सयाजीच्या घरी 'बुडून मृत्यू' असं पत्र गेलं.

लढाई संपल्यावर सयाजीची आई साळूबाई आमच्या घरी आली. रंगुबाईनं मला अंथरलं. साळूबाई आणि सिद्धू माझ्यावर बसली.

"माझा लेक जिथं गेला, तिथं एक दिवा लावीन म्हणते. कुठं हाय ती जागा?"

"तिथं कुणालाच जाता येत न्हाई, मावशी. नुसतं पाणी."

"मग कसा गेला, तेवढं तरी सांग."

आमच्या धनगरांत घोंगडीवर बसून खोटं बोलत नाहीत. साळूबाईला ते ठाऊक नव्हतं. सिद्धू हळूच सरकून शेणानं सारवलेल्या भुईवर बसला आणि म्हणाला, "लाटेनं नेला."

चुलीपाशी रंगुबाईचा हात थांबला. ती उठून आली.

"सिद्धू, घोंगडीवर बस. आन् परत सांग."

तो बसला. खाली मान घालून त्यानं सगळं सांगितलं, दुसरा घावसुद्धा. साळूबाई आधी रडली नाही. तिनं त्याच्या थोबाडीत मारली, पुन्हा मारली, हात दुखेपर्यंत मारली. रंगुबाई मध्ये पडली नाही.

मग साळूबाईनं विचारलं, "रगात हिच्यावरच सांडलं?"

"व्हय."

तिनं मला गोळा केलं, छातीशी धरलं आणि तासगावला आणलं.

काळ्या लोकरीत तो डाग दिसत नाही. हाताला मात्र कडक लागतो. परवा साळूबाईची सून मला धुवायला नदीवर घेऊन निघाली होती. साळूबाईनं वाटेतच हिसकावून घेतलं. घरच्या पोरींनो, हात जोडते, मला धुऊ नका. त्या पाण्यातून सयाजीचं एवढंच घरी आलंय.