प्रत्येक प्रश्नाला उत्तर

आमच्या काउंटरवर 'माहीत नाही' हे दोन शब्द बोलायला मनाई आहे. वाचकाने काहीही विचारो, शोधून सांगतो म्हणायचं आणि शोधायचं. ही मी घातलेली शिस्त. तिच्यापायी आजवर दोन सहायक रडले आणि एक बदली मागून गेला. जाईना का! हात झटकणारा माणूस ग्रंथालयात हवाच कशाला?

कॉलेजने ग्रंथालयाचं पेज काढायला लावलं तेव्हा तीच शिस्त मी तिथेही नेली. पेज सांभाळायचे अण्णा, आमचे सहायक ग्रंथपाल. निवृत्तीला टेकलेला माणूस, पण पेज हाती आल्यापासून पोरांहून पोर झालेला. त्यांनी वाचनकक्षातल्या कपाटावर एक छोटा कॅमेरा बसवला आणि दिवसभर लाइव्ह सुरू केलं. घरी एकट्याने अभ्यास करणाऱ्यांना सोबत वाटते म्हणे.

"गप्प बसलेली माणसं कोण बघत बसणार, अण्णा?"

"बघतात हो बाई. तुम्ही बघाच."

खरंच बघत होते. परीक्षेच्या दिवसांत झुंबड उडायची. एरवी मात्र कोपऱ्यात एकच आकडा असायचा: एक जण बघतोय. अण्णांनी त्याचं नाव 'एकनिष्ठ' ठेवलं होतं. ग्रंथालय उघडल्यापासून दिवे मालवेपर्यंत हा हजर. "सख्खा जावईसुद्धा एवढी चौकशी करत नाही," अण्णा म्हणायचे. एकनिष्ठ प्रश्न विचारायचा आणि आम्ही लगेच उत्तरं द्यायचो. वाचकांनीही एकमेकांना उत्तरं द्यावीत म्हणून, उत्तर देणाऱ्याच्या नावापुढे चांदणी लावायची कल्पना माझी. तिसऱ्या टेबलावरच्या चष्मेवाल्या मुलीने तर पाच चांदण्या मिळवल्या होत्या. मला कोण अभिमान त्याचा!

त्या दुपारी खिडकीपाशी बसणारी बाई काउंटरवर आली. या सत्रातच ती बाहेरची वाचक म्हणून येऊ लागली होती. निळा स्वेटर, जवळ चहाचा थर्मास, लेखापरीक्षणाची जाडजूड पुस्तकं आणि तोंडातून जेमतेम शब्द. त्या दिवशी तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मॅडम, हा फोटो कुठून काढलाय?"

तिच्या फोनवर तिचाच पाठमोरा फोटो होता. खाली लिहिलं होतं: केस कापलेस. छान दिसतात.

"कोणी पाठवला?"

"नवऱ्याने. आईच्या फोनवर आला, तिने मला पाठवला. मी कुठे आहे ते आईलाही सांगितलेलं नाही, मॅडम. मागच्या वेळी त्याने हात मोडला होता माझा."

मी फोटो मोठा केला. एका कडेला आमची नेचाची कुंडी होती आणि वरच्या कोपऱ्यात ग्रंथालयाचं चिन्ह.

"हा आमच्या कॅमेऱ्यातला आहे," मी म्हणाले.

"पण तो चोरीसाठी लावलेला ना?"

कॅमेऱ्याखाली पाटी लावावी हे आम्हा दोघांपैकी एकालाही सुचलं नव्हतं. मी पेज उघडलं आणि एकनिष्ठचे प्रश्न खालून वर वाचत गेले.

खिडकीजवळच्या ताई रोज येतात का? त्यांना बघून अभ्यासाचा हुरूप येतो. 'हो, रोज दुपारपासून बंद होईपर्यंत! आपणही अवश्य या.' हे उत्तर माझं.

बाहेरच्या माणसाला आत सोडतात का? 'सोडतात, दारात फक्त सही करायची.' हेही माझंच.

पत्ता? अण्णांनी नकाशा जोडला होता, आणि वर आवर्जून लिहिलं होतं की मागच्या गल्लीतून यावं, जवळ पडतं.

आज कितीपर्यंत उघडं आहे? याच्या उत्तरात अण्णांनी फूल लावलं होतं. त्याखाली त्याने लिहिलं होतं: धन्यवाद. आज प्रत्यक्षच येतो. त्यावर अण्णांनी बदाम ठोकला होता.

कोपऱ्यातला आकडा बघितला. शून्य. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच एकनिष्ठ बघत नव्हता, कारण तो निघाला होता.

"अण्णा, कॅमेरा बंद करा. पोलिसांना फोन करा, गेटवरच्या माणसाला घेऊन या. पळा!"

अण्णा कॅमेऱ्याची वायर ओढून, 'आईशपथ, आईशपथ' करत धावले. मी तिला काउंटरमागच्या बांधणीच्या खोलीत ढकललं. तिथे डिंकाचे डबे आणि फाटकी पुस्तकं असतात. दुसरं दार नाही. तिने आतून कडी लावली.

मी वळले तेव्हा तो दारात पायपुसण्याला बूट पुसत होता. स्वच्छ शर्ट, नीट भांग. चार माणसांत ओळख करून द्यावी असा.

"नमस्कार मॅडम. मी तुमचा रोजचा प्रेक्षक. लाइव्ह बंद पडलंय वाटतं?"

"दुरुस्ती चालू आहे."

"माझी बायको खिडकीपाशी बसते. कुठे गेली?"

"आज आल्या नाहीत त्या."

तो खिडकीपाशी गेला, थर्मासचं झाकण फिरवलं. वाफ आली. तो हसला.

"मॅडम, पेजवर तुम्ही किती छान उत्तरं देता. समोर विचारलं तर अशा का वागता? असू दे, तिथेच विचारतो."

उभ्या उभ्या त्याने टाइप केलं. काउंटरवरचा फोन वाजला. मी वाचते न वाचते तोच पुन्हा वाजला. उत्तर आलं होतं. 'काउंटरमागच्या खोलीत गेल्यात, आत्ताच!' नावापुढे पाच चांदण्या.

मी मान वर केली. तिसऱ्या टेबलावरची चष्मेवाली माझ्याकडे बघून हसत होती. शाबासकीची वाट बघत होती, आणि तिला रागवायला मला तोंड नव्हतं. आमच्याच शिकवणीचं पोर ते.

तो वळला. मी धावत जाऊन खोलीच्या दाराला पाठ लावून उभी राहिले. अण्णांचा अजून पत्ता नव्हता. दाराच्या पलीकडून तिची धाप मला ऐकू येत होती.

तो अगदी समोर येऊन थांबला.

"आत आहे ना ती?"

वाचनकक्षातल्या सगळ्या माना वर झाल्या होत्या.

"माहीत नाही," मी म्हणाले.