फुंकरबाबांची राख आणि तांबडी

"टेकला! पाय टेकला बघा!" तबेल्याच्या अंगणात एकच गलका उठला. सकाळी तीन पायांवर उभी असलेली तांबडी घोडी आता फुंकरबाबांच्या मागे चक्क चालत होती. बाबांनी तिला गुळातून राखेची पुडी चारली होती, सुजल्या पायावर फुंकर घातली होती आणि सगळ्यांना दुपारपर्यंत ताटकळत ठेवलं होतं.

"फुंकर आहे ती, आगगाडी नाही," ते म्हणत होते, "खुरापर्यंत पोचायला वेळ लागणारच!"

तांबडीचा मालक, आमचा गाडीवाला, बाबांच्या पायांवर कोसळला. मीही हात जोडले. मी शेजारीच लगाम-खोगिरं शिवतो. देवाचं नाव कानी पडलं की माझे डोळे आधी भरून येतात, विचार मागाहून सुचतो.

"रोज एक पुडी," बाबांनी बजावलं, "आणि दिवस मावळेपर्यंत पाण्याचा थेंब नाही. पाण्यानं शक्ती विझते."

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी सुजेवर आधीच औषध दिलं होतं. गाडीवाल्याने तेही चालूच ठेवलं.

"दादा, बाबाही राजी आणि बाईही राजी," तो मला म्हणाला. "दोघांचा गुण आला तर पोरगी लवकर धावेल."

"माझं डोकं दुखतं तेव्हा एक गोळी आणत नाहीत," त्याची बायको, आमची वहिनी, हसून म्हणाली. "सवतीला मात्र दोन-दोन औषधं!"

तांबडी चालली खरी. पण काही दिवसांतच तिने चारा टाकला. जिभेवर व्रण उठले, पोट बिघडलं, लघवी थांबली. डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा ती भिंतीला कपाळ टेकून उभी होती.

"माझ्या औषधाशिवाय काय देताय?"

"काही नाही बाई. बाबांची राख तेवढी."

"राखेनं असं होत नाही." बाईंनी उरलेली पुडी तपासायला घेतली आणि सलाइन लावलं. पण फार उशीर झाला होता. गाडीवाल्याच्या मांडीवर मान टाकून तांबडी गेली.

"मालकाची श्रद्धा उणी पडली," असं म्हणून बाबा मोकळे झाले.

पुडीचा अहवाल आला तेव्हा बाईंनी तो अंगणात सगळ्यांसमोर सांगितला. राखेत दुखणं मारणाऱ्या गोळ्यांची पूड होती, बाईंच्याच औषधाच्या जातीची. म्हणूनच पाय टेकला होता. पण मात्रा दुप्पट झाली आणि त्यात पाणी तोडलेलं. जठर सोललं गेलं, मूत्रपिंडं निकामी झाली.

गाडीवाल्याने सगळं ऐकून घेतलं. मग हळूच विचारलं, "म्हणजे माझ्याच हातानं गेली का हो ती?"

बाई त्याच्याजवळ जमिनीवरच बसल्या. "तुम्ही मायेनं दिलंत, भाऊ. आत काय आहे ते त्यानं लपवलं." वहिनीने पदरात तोंड लपवलं.

देव मी आजही मानतो. पण मंडळी, पुडी कोणीही देवो, आत काय आहे ते विचारा. दुखण्यावरचं औषध डॉक्टर सांगतील तेवढंच द्या, त्यावर दुसरं चढवू नका, पाणी तोडू नका. आणखी काही देत असाल तर ते डॉक्टरांना न लाजता सांगा. तांबडीला विचारता येत नव्हतं. आपल्याला येतं.