डब्लिनची नवमी

खट्.

कॅसेट संपली आणि टेपरेकॉर्डरचं बटण आपोआप वर आलं. एरवी हा आवाज कुणाच्या कानावरही पडला नसता. पण रत्नागिरीच्या पेठकिल्ल्यात दुपारी माणसं जेवून आडवी होतात, खाली मिरकरवाडा बंदरातल्या लाँचीसुद्धा गप्प असतात. त्या शांततेत तेवढंसं खट् घरभर वाजलं. माजघरात माझ्या लेकीनं, राहीनं कूस बदलली. मी हात तसाच बटणावर ठेवून बसले. तिचा श्वास पुन्हा संथ झाला तेव्हा कॅसेट मागे घेतली, आवाज अगदी बारीक केला आणि कान स्पीकरच्या जाळीला लावला.

"कमळ, ऐकतेस ना? आता हे फक्त तुला."

ह्यांचा आवाज. मागे जहाजाची घरघर. हे मालवाहू जहाजावर फोर्थ इंजिनिअर. पत्र लिहायचा कंटाळा, म्हणून कॅसेटवर बोलतात आणि मांडवीचा कुणी खलाशी सुट्टीवर घरी यायला निघाला की त्याच्या हाती देतात. राहीला बाप माहीत आहे तो असा, चामड्याच्या काळ्या पेटीत राहणारा.

या वेळच्या कॅसेटमध्ये बातमी होती. चैत्रात जहाज आयर्लंडला, डब्लिनच्या गोदीत दुरुस्तीला लागणार. कंपनी इंजिनिअरांच्या बायकांना बोलावून घेते, तिकीट कंपनीचंच. ह्यांना चार दिवस पूर्ण मोकळे मिळणार होते. "तेव्हा तिथे वसंत असतो," हे म्हणाले होते; पूर्वी एकदा ह्यांचं जहाज तिथे लागलं होतं. "चार दिवस आपण नुसते हिंडू."

हे सगळं आम्ही आदल्या दिवशी रात्रीच्या जेवणाआधी पडवीत बसून ऐकलं होतं. माझे सासरे आप्पा, सासूबाई म्हणजे आई, मी आणि माझ्या मांडीवर राही. पुढे "आता हे फक्त तुला" असं ऐकू आलं आणि माझं बोट आपोआप बटणावर गेलं. "सेल उतरलेत वाटतं," मी म्हटलं. आईंनी माझ्याकडे नुसतं बघितलं. आप्पा हसले. राही तर केव्हाच उठून अंगणात नाचायला लागली होती. "आपण बाबांकडे जाणार! आपण बाबांकडे जाणार!"

त्या बटणापलीकडचं वाक्य मी दुसऱ्या दिवशी दुपारी एकटीनं ऐकलं.

"राहीला मात्र नाही आणता येणार गं. पाच वर्षांखालच्या मुलांना जहाजावर घेत नाहीत. आईजवळ राहील ती. राहील ना?"

राहीला पाच वर्षं आषाढात पुरी होणार होती.

आप्पांना आणि आईंना मी ते चुलीपाशी हळूच सांगितलं. राहीला सांगायचं आज, उद्या, शिमगा झाल्यावर, असं करत राहिलं. आणि तोवर घरात रोज संध्याकाळी डब्लिन सुरू झालं होतं.

आप्पा पूर्वी तांडेल होते, स्वतःची मासेमारीची बोट हाकणारे. आता गुडघे धरतात, पण कुणी समुद्राचं नाव काढलं की गुडघे विसरतात. कॅसेट त्यांनी इतक्यांदा लावून घेतली की त्यांना ती पाठ झाली.

"पहिल्या दिवशी काय? पोष्ट!" ते म्हणायचे. डब्लिनमध्ये मोठ्या दगडी खांबांचं पोस्ट ऑफिस आहे. एकोणीसशे सोळा साली ईस्टरच्या सणात तिथल्या लोकांनी ते ताब्यात घेतलं आणि इंग्रजांविरुद्ध बंड पुकारलं. खांबांवर गोळ्यांच्या खुणा अजून दिसतात, असं ह्यांनी सांगितलं होतं.

"पोष्टात बंड! आपल्या पोष्टात एक मनिऑर्डर सोडवायची तर माणूस म्हातारा होतो, आणि त्यांनी बंड केलं!"

"जमलं का ते?" आईंनी विचारलं.

"तेव्हा नाय जमलं. पुढं जमलं. तसंच असतं ता."

दुसऱ्या दिवशी भलं मोठं रान. शहराच्याच अंगाला, आणि त्यात हरणं मोकळी फिरतात. राही हरणासारखी मान करून ओटीवर धावायची. तिसरा दिवस होथ गावचा. ते मात्र आम्हा सगळ्यांचं लाडकं झालं, कारण ते मिरकरवाड्यासारखंच बंदर, जाळी तशीच वाळत घातलेली, आणि मागे डोंगर समुद्रात उतरलेला. त्या डोंगरावर या दिवसांत काटेरी झुडपं पिवळ्या फुलांनी भरतात, आणि हे म्हणाले, "आप्पा, खोटं सांगत नाही, त्या फुलांना खोबऱ्याचा वास येतो."

"खोबऱ्याचा?" आप्पा दर वेळी तेवढंच चमकायचे. "नारळाचं झाड नाय आणि वास खोबऱ्याचा? पोराला घरची आठवण येत असणार."

बंदरात सील म्हणून प्राणी येतात, कुत्र्याच्या तोंडाचे, मिशा असलेले. होडीवाल्यांनी माशाचे तुकडे टाकले की पाण्यातून डोकं काढून झेलतात. राहीनं त्यांचं नाव मिशीवाला ठेवलं आणि जेवताना तिच्या ताटातला एक तुकडा त्याचा होऊ लागला.

आईंचं सगळं लक्ष जेवणाकडे. "काय खातात म्हणाला?"

"मटण आणि बटाटे एकत्र शिजवतात, त्यात कांदा, गाजर. आणि यीस्ट न घालता सोड्याचा पाव," मी सांगितलं.

"मसाला?"

"मीठ, मिरी."

"हळद?"

"नाही."

"म्हणजे आजाऱ्याचं जेवण." आईंनी त्याच दिवशी मालवणी मसाल्याच्या मिरच्या उन्हात टाकल्या. "सुक्या कोळंबीचे सोडे ने, कुळथाचं पीठ ने, आमसुलं ने. चार दिवस तरी तोंडाला चव येऊ दे पोराच्या."

आणि चौथा दिवस किनाऱ्याचा. ओहोटीला तिथला समुद्र इतका आत जातो, की माणसं अर्धा मैल वाळूतून चालत जातात. यावर आप्पांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेतलं.

"कधी पोचतेस? पंचमीला. षष्ठीपासून हिंडायचं, मग चौथा दिवस नवमीचा. नवमीची पाऊणपट किती?"

तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगतं. नवाची पाऊणपट पावणेसात. पावणेसातला भरती, म्हणजे दुपारी एकच्या सुमाराला पुरी ओहोटी.

"जेवून निघा आणि सरळ चालत सुटा," आप्पा म्हणाले. "पण भांग असणार हां, उधाण नाय. पाणी त्याच्या म्हणण्याएवढं लांब नाय जायचं. पौर्णिमेला असता तर गोष्ट वेगळी."

"अहो आप्पा, डब्लिनच्या समुद्राला आपली नवमी कशी लागेल?"

"का? त्यांचा चंद्र वेगळा हाय?"

पुढच्या कॅसेटला मी ह्यांना विचारून घेतलं, तर हे हसत हसत म्हणाले, जहाजावरच्या तिकडच्या एका खलाशाला विचारलं, आप्पांचं गणित जवळजवळ बरोबर आहे, फक्त तिथली घड्याळं उन्हाळ्यात तासभर पुढे करतात, तेवढं धरा. आप्पांनी ही कॅसेट घेऊन अख्खी पेठ पालथी घातली.

अशी सगळी तयारी घराची चालली होती. माझी दुपारी व्हायची. सगळी झोपली की मी खिडकीत बसून ते चार दिवस मनात चालून बघायची. खांबांचं पोस्ट बघायची, हरणं बघायची. पण प्रत्येक ठिकाणी आम्ही तिघं असायचो. होथच्या बसमध्ये खिडकीशी राही बसलेली. तिला तिथून उठवायचं म्हटलं की पुढचं काही दिसायचंच नाही. नुसती बसची दोन बाकडी, आणि एकावर मी, एकावर हे.

आम्ही दोघांनीच असं कुठे जायचं म्हणजे काय, हे मला ठाऊकच नव्हतं. लग्नानंतर हेदवीच्या गणपतीला गेलो होतो, तर बरोबर दोन नणंदा आणि त्यांचा डबा. हे घरी येतात तेव्हा पहिला आठवडा पाहुण्यासारखे असतात. मग थोडं भांडण होतं, मग कुठे हे आपल्या घरात मोठ्यानं शिंकतात, आणि तेवढ्यात बॅग माळ्यावरून खाली येते. मला वाटायचं, आणखी दोन-तीन खेपा अशाच गेल्या तर आम्ही एकमेकांची चौकशी करणारी दोन बरी माणसं होऊन जाऊ. म्हणून जायचं होतं. एकदा तरी.

आईंना हे मी कधी बोलले नव्हते. मिरच्या कुटताना त्याच म्हणाल्या, "जा गो. पोर माझ्याजवळ राहील. नवरा असा कुणाजवळ राहत नाय."

"ती रडेल आई."

"रडेल. मग खेळेल. तू रडशील त्याचं काय ते बघ."

मी ते बघून ठेवलं होतं. त्या चार दिवसांत राहीचं नाव काढायचं नाही. हे तिला असे कितीसे ओळखतात? मी डोळे पुसत बसले तर हे चार दिवस माझी समजूत काढत बसतील, आणि तो काटेरी डोंगर, ती वाळू, सगळं फुकट. नाही काढायचं.

एका संध्याकाळी ह्यांनी सांगितलेली जुनी गोष्ट पुन्हा लागली. तिकडे एकदा बटाटा शेतातच कुजला आणि माणसं किड्यामुंग्यांसारखी उपाशी मेली. उरली ती जहाजानं अमेरिकेला निघाली. निघायच्या आदल्या रात्री घरात मयताला जमावं तशी माणसं जमायची. गायची, रडायची, पहाटेपर्यंत. कारण गेलेलं माणूस पुन्हा दिसत नसे.

"बंद कर ती," आई म्हणाल्या. "तिन्हीसांजेला काय ऐकायचं ते."

मी बंद केली. राही आप्पांच्या मांडीवरून माझ्याकडे बघत होती.

शिमगा झाला. शेजारच्या सोनूबाईंचा मुलगा लष्करात, त्यानं काश्मीरहून आणलेला लोकरीचा कोट घेऊन त्या आल्या. "आनंदीबाई, सून तुमची अस्वल दिसणार हां!" मी कोट अंगात घातला. रत्नागिरीच्या त्या उकाड्यात घामाच्या धारा, आणि आई-सोनूबाई हसून हसून बेजार. राही दाराशी उभी होती.

"माझा कोट?"

सोनूबाईंनाच सुचलं. "तुझा शिवतोय शिंपी," त्या म्हणाल्या. राहीनं मान हलवली आणि ती आत गेली.

दोन दिवसांनी माझ्या प्रवासाच्या पिशवीला वास यायला लागला. आईंना वाटलं उंदीर मेला. सगळं उपसून काढलं. तळाशी, पासपोर्टच्या खाली, वर्तमानपत्रात गुंडाळलेले सुके बोंबील. बाजूला राहीचा निळा फ्रॉक, नीट घडी केलेला, तिला जमेल तसा.

"मिशीवाल्याला," राही म्हणाली. "तो भुकेला असतो ना."

आप्पा उठून अंगणात गेले. आई म्हणाल्या, "कमळ, आज सांग. बोंबील आहेत, म्हणजे आज सांगायलाच हवं." मग बोंबलांवरून आपण केवढी गोष्ट ठरवली हे त्यांचं त्यांनाच कळलं, पण त्या हसल्या नाहीत.

ऊन उतरल्यावर मी राहीला घेऊन मांडवीच्या किनाऱ्यावर गेले. पाणी लांब गेलं होतं. काळी वाळू ओली, चकचकीत. दोन बायका मुळे, म्हणजे वाळूतले शिंपले, काढत होत्या, बाकी कुणी नव्हतं. राही बसली आणि खड्डा करू लागली. मी तिच्यासमोर बसले. घरून निघताना जी वाक्यं जुळवली होती, त्यांतलं एकही आठवेना.

"राही, जहाजावर लहान मुलांना घेत नाहीत."

ती खणत राहिली.

"पाच वर्षं झालेल्यांनाच घेतात."

"मी होणार आहे पाच."

"हो. पण तोपर्यंत बाबांचं जहाज दुसरीकडे जाईल."

खड्ड्यात पाणी आलं. तिनं दोन्ही हातांनी ते बाहेर उडवलं. पुन्हा आलं.

"मग तू एकटी जाणार?"

"हो. थोडे दिवस. लगेच येणार."

"आज जाणार?"

"नाही गं बाय. गुढी उभारू, मग."

मला वाटलं होतं ती आकांत करील. तो केला असता तर मी तिला उचलून घेतलं असतं आणि तिथेच ठरवून टाकलं असतं, जायचं नाही. कदाचित त्यासाठीच मी तिला घरापासून इतकं लांब आणलं होतं. पण ती रडली नाही. वाळूचा एक गोळा करून तिनं खड्ड्याच्या काठावर ठेवला, मग दुसरा.

"बोंबील तू दे त्याला."

"देईन."

"हातानं नको देऊ. चावेल. लांबून टाक."

"लांबून टाकेन."

"माझी वेणी?"

"आजी घालील."

"आजी ओढते."

"मी सांगेन हळू घालायला."

मुळे काढणाऱ्या बायका टोपल्या कमरेला लावून बंदराकडे निघाल्या. पाणी वळलं होतं. पहिली पातळ लाट लांबवर वाळूवर पसरून मागे गेली.

"आजीनं मला सांगितलंय," राही म्हणाली, माझ्याकडे न बघता. "तुझी आठवण आली की तिच्याकडे जायचं. रात्री आली तरी उठवायचं. ती पाठीवरून हात फिरवणार."

म्हणजे तिला आधीच माहीत होतं. केव्हापासून, ते विचारायची माझी छाती झाली नाही.

"हो," मी म्हटलं. "आजीकडे जायचं."

तिनं वाळूचे हात फ्रॉकला पुसले, उठली, माझ्या मांडीत येऊन बसली आणि मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"आणि तिकडे तुला माझी आठवण आली, तर तू कुणाला उठवणार?"