फ्रीझरची टोपी

मनोहरपंतांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक फ्रीझरच्या अंगाला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. शेजारी क्षिप्राने लाकडी उलथनं घेऊन हुबेहूब तसंच केलं.

"काय ऐकू येतंय?"

"घुर्रर्र. आजोबा, ही इज स्नोअरिंग."

"घोरतोय म्हण. पण घोरणारा मधेच थांबतो, कूस बदलतो. हा पहाटेपासून एकदाही थांबलेला नाही. म्हणजे झोपलेला नाही, धावतोय. आणि एवढा धावूनसुद्धा..."

त्यांनी दार उघडलं, वरच्या कप्प्यातला डबा काढला आणि एका मोदकाला हळूच बोट लावलं. दगडासारखा हवा होता तो. बोट रुतलं.

क्षिप्रा नऊ वर्षांची होती, पण रुतलेल्या बोटाचा अर्थ तिलाही कळला. परवा गणपती. इथल्या, परदेशातल्या मराठी मंडळाच्या नैवेद्याची पाळी यंदा त्यांच्या घराकडे होती. तिच्या आईने, नीताने, तीन रविवार ओट्याशी उभं राहून एकशे एक्कावन्न उकडीचे मोदक केले होते आणि माणसाच्या उंचीच्या या उभ्या फ्रीझरमध्ये डबे रचून ठेवले होते. बाबा, म्हणजे मनोहरपंतांचा मुलगा अभय, कामासाठी जकार्ताला गेलेला. तो उद्या रात्री येणार होता. आजी-आजोबा सांगलीहून गणपतीसाठी आले होते.

नीता ऑफिसचा पास गळ्यात अडकवत स्वयंपाकघरात आली. बँकेत महिनाअखेरचं काम अजून उरकायचं होतं, रजा मिळणार नव्हती.

"बाबा, रिपेअरवाल्याला फोन केला. गुरुवारी येतो म्हणतोय."

"गुरुवारी? गणपती बुधवारी आहेत."

"तेच ना. संध्याकाळपर्यंत बघू, नाहीतर सगळे वाफवून शेजारीपाजारी वाटून टाकते. मंडळाला काय, विकतचे पेढे नेऊ." हे ती हसून म्हणाली, पण डब्यावरून नजर काढून घेताना तिला जरा वेळ लागला. मग तिने फ्रीझरकडे पाहिलं, त्याच्या माथ्याकडे, काहीतरी म्हणणार असं वाटलं आणि नुसतीच चपला घालून निघाली.

"संध्याकाळपर्यंत वेळ दे मला," मनोहरपंत म्हणाले.

त्यांनी सांगलीच्या शाळेत चौतीस वर्षं विज्ञान शिकवलं होतं. बंद पडलेली वस्तू आणि समोर एखादं मूल, एवढं असलं की त्यांना दुसरं काही लागत नसे.

"आधी रुग्णाच्या पोटातलं सामान बाहेर," ते म्हणाले. "जा, पलंगावरच्या दोन्ही गोधड्या आण."

"गोधडी? आजोबा, नो लाह! मोदक कोल्ड पाहिजेत. ब्लँकेट घातलं तर हॉट होणार!" ती इथल्या मुलांच्या बोलीत ओरडली.

मनोहरपंतांचा चेहरा उजळला. असा प्रश्न मिळावा म्हणून त्यांनी वर्गात कितीतरी वेळा वाट पाहिली होती. उत्तर न देता त्यांनी आतल्या भिंतीवरून सुटलेले बर्फाचे दोन सारखे तुकडे घेतले. एक बशीत ठेवला. दुसरा विमानात घालायला आणलेल्या आपल्या लोकरी मोज्यात टाकून गाठ मारली.

"तासाभराने बघू, कोण टिकतं ते."

एक डबा छोट्या फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात कोंबला. बाकीचे वर्तमानपत्रात गुंडाळून गोधड्यांत बांधले. हॉलमध्ये संजीवनीबाई गणपतीच्या वाती वळत बसल्या होत्या. ते गाठोडं बघून त्या म्हणाल्या,

"अहो, परीट झालात की काय?"

"परीट नाही, डॉक्टर. ऑपरेशन चाललंय."

"आटोपल्यावर फरशी पुसा म्हणजे झालं."

फ्रीझरचं बटण बंद करून मनोहरपंतांनी गरम पाण्याची दोन पातेली आत ठेवली आणि दार लोटलं. क्षिप्राने खरवडायला सुरी आणली होती, ती त्यांनी काढून घेतली.

"बर्फामागे नळ्या आहेत. एक जरी भोसकली तरी हा कायमचा गेला. बर्फ वितळवायचा, खणायचा नाही. आता सांग, सगळ्यात जास्त बर्फ कुठे होता?"

क्षिप्राने आत डोकावून बघितलं. "वरती. हँडलच्या साइडला."

"शाबास. हा बर्फ आला कुठून? आपण तर पाणी ओतलं नव्हतं."

ती विचारात पडली. खिडकीबाहेर, नवव्या मजल्याच्या त्या उंचीवर, बांबूवर वाळत घातलेले कपडे सकाळपासून ओलेच होते. तिने तिकडे पाहिलं आणि एकदम म्हणाली, "हवेतून! इकडची हवा वेट असते!"

"म्हणजे त्या कोपऱ्यातून बाहेरची हवा आत शिरतेय. चोर कुठून येतो ते कळलं. आता भोक शोधायचं."

दाराभोवतीची रबरी पट्टी दोघांनी साबणाच्या कोमट पाण्याने पुसली. मग क्षिप्राने गणिताचा जुना कागद आणला. तो दारात धरायचा, दार लावायचं आणि ओढायचा. सहज सुटला तर पट्टी ढिली.

फ्रीझरवर संजीवनीबाईंनी शिवलेलं कव्हर होतं. मरून खणाचं, दोन्ही बाजूंना खिसे आणि समोर दारावर उतरणारी जरीकाठाची रुंद झालर. चार वर्षांपूर्वी त्यांनी ते सांगलीहून ट्रंकेत तळाशी घालून आणलं होतं. ते ओलं होऊ नये म्हणून मनोहरपंतांनी सकाळपासूनच्या सवयीने झालर उचलून माथ्यावर नीट पालथी घातली आणि मग परीक्षा सुरू केली.

खाली कागद अडकला. बिजागरीकडे अडकला. संशयित कोपऱ्यात तर असा अडकला की ओढताना क्षिप्राच्या हातात अर्धाच आला.

"पास झाला," ती म्हणाली.

मनोहरपंतांनी तीनदा करून बघितलं. फ्रीझर पुढे ओढून मागची धूळ झाडली, भिंतीपासून चार बोटं अंतर ठेवलं, पुढचे पाय एकेक फेरा फिरवून किंचित उंच केले, दार आपोआप मिटावं म्हणून. सगळं ठीक होतं. हेच त्यांना आवडलं नाही.

मधेच मोज्याची गाठ सोडून झाली. बशीत पाणी, मोज्यात वाटाण्याएवढा का होईना पण बर्फ.

"सॉक विन्स!" क्षिप्रा ओरडली, आणि मग हळू आवाजात, "पण का?"

"गोधडी गरम नसते गं. ती नुसती दारावर उभी असते. आतलं बाहेर जाऊ देत नाही, बाहेरचं आत येऊ देत नाही. थंडीत तुझी ऊब राखते, आज मोदकांचा गारवा राखतेय."

बारा वाजेपर्यंत बर्फ उतरला. आतून पुसून, कोरडं करून बटण लावलं. संजीवनीबाई येऊन फरशी बघून गेल्या. जाता जाता त्यांनी कव्हर सरळ केलं, झालर समोर सोडली आणि तिच्यावर हात फिरवला.

"आता कसा देखणा दिसतो."

जेवण झालं, पण मनोहरपंतांना ताक गोड लागेना. रोग न सापडता बरा झालेला रुग्ण त्यांना पटत नसे. गोधड्यांतले मोदक आत घालायच्या आधी एक परीक्षा उरली होती.

"क्षिप्रा, टॉर्च आण. आणि स्वयंपाकघरात अंधार कर."

खिडकीवर चादर टांगताना ती इतकी खूश होती की दोनदा स्टुलावरून घसरली. पेटवलेला टॉर्च वरच्या कप्प्यात ठेवून मनोहरपंतांनी दार लावलं. दोघं अंधारात उभी राहिली.

वर, हँडलच्या बाजूला, उजेडाची एक बारीक रेघ दिसत होती.

"आजोबा! तिकडे!"

मनोहरपंतांनी बोटाने चाचपलं. जरीकाठाची कड दारात चिमटली होती. दार लावताना जाड झालर आत ओढली जात होती आणि तिच्या दोन्ही अंगांनी फट राहत होती. दिवसभर त्यांनी प्रत्येक परीक्षेआधी ती स्वतःच्या हाताने उचलून ठेवली होती. चोराला अदबीने बाजूला बसवून घराची झडती घेतली होती.

त्यांनी झालर वर केली, दार पुन्हा लावलं. मिट्ट काळोख.

"टोपी घातली की लीक होतो," क्षिप्रा म्हणाली. "टोपी काढली की ओके. लास्ट टाइम तुम्ही आला होता ना, तेव्हापण तो सिक झाला होता."

"हो? मग बरा कसा झाला?"

"तुम्ही गेल्यावर आईने टोपी काढली. तुम्ही आलात की फक्त घालते. एअरपोर्टला जायच्या आधी."

तिने चादर ओढून काढली. उजेड आत आला. मनोहरपंत कव्हरकडे बघत राहिले. चार वर्षं फोडणीच्या स्वयंपाकघरात असलेल्या कापडावर हळदीचा एक डाग नव्हता. खणाचा रंग नव्यासारखा. मधोमध घडीच्या दोन धारदार रेघा. त्यांनी झालर नाकाशी नेली. डांबराच्या गोळ्यांचा वास.

हॉलमधून संजीवनीबाईंचं गुणगुणणं ऐकू येत होतं.

मग त्यांना सांगलीच्या घरातलं घड्याळ आठवलं, इथल्या शहराच्या चिन्हासारखं सिंहाच्या तोंडाचं आणि माशाच्या शेपटीचं, दर तासाला गाणं म्हणणारं. नीताने दिलेलं. त्यांची मान खाली गेली आणि खांदे हलू लागले.

"आजोबा, तुम्ही रडताय की हसताय?"

"मोदक आण," ते डोळे पुसत म्हणाले. "रांगेने लावू. डब्यांमध्ये बोटभर जागा सोडायची, गार हवेला फिरायला."

मोदक आत गेल्यावर त्यांनी कव्हर काढलं आणि हॉलमध्ये नेलं. गणपतीसाठी मांडलेल्या टेबलामागची भिंत उघडी होती. त्यांनी तिथे ते आडवं धरलं. झालर बरोबर वरच्या कडेला आली.

"अगं, बघ जरा. देवामागे कसं दिसेल?"

संजीवनीबाईंनी चष्मा वर करून पाहिलं. "सुरेख. खण शेवटी देवाचाच. फ्रीझरला जरा जास्तच झाली होती ती झालर." आणि त्या सेफ्टी पिना शोधायला उठल्या.

नीता साडेसहाला आली ती पर्स न ठेवता थेट स्वयंपाकघरात. तिने दार उघडलं, डबा काढला, मोदकाला बोट लावलं. मग नखाने वाजवला. टक्.

"बाबा!"

"क्षिप्राने दुरुस्त केला. मी मदतनीस."

नीता हसली. मग तिची नजर फ्रीझरच्या मोकळ्या माथ्यावर गेली आणि ती एकदम सावध झाली. "आईंचं कव्हर कुठाय? मी धुवायला काढलं होतं का? थांबा, आत्ता..."

"देवामागे लावलंय." मनोहरपंत आवाज खाली आणून म्हणाले, "विसर्जन झालं की घडी करून ठेव. नेहमी जिथे असतं तिथे."

नीताचा हात डब्यावर तसाच राहिला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. फ्रीझरचं घुर्रर्र तेवढ्यात थांबलं. दिवसभरात पहिल्यांदाच त्याने दम घेतला. त्या शांततेत ती हळूच म्हणाली,

"बाबा, सांगलीला ते माझं घड्याळ आहे ना. त्याच्या मागे भिंतीवर एक गोल दिसतो. पांढरा. घड्याळापेक्षा मोठा."

"कधीपासून दिसतो तुला?"

"दुसऱ्या दिवाळीपासून."

मनोहरपंतांनी घसा खाकरला. "त्याचं गाणं जरा मोठं आहे गं. रात्रीसुद्धा म्हणतं. तुम्ही गेलात की पुन्हा जुनंच लावतो."

तोंडावर धरायला पदर नव्हता म्हणून नीताने गळ्यातला पासच धरला. दोघं फ्रीझरला टेकून आवाज न करता हसत होती, आणि मधे उभी क्षिप्रा एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होती.

"अहो, काय झालं तिकडे?" हॉलमधून संजीवनीबाईंनी विचारलं.

"काही नाही, आई," नीता म्हणाली. "मोदक झालेत दगडासारखे."