दरोगासाहेबांचे विलायती कैदी

देवासात तेव्हा एका गावात दोन राज्यं नांदत होती. थोरली पाती आणि धाकटी पाती. मोठ्या रस्त्याच्या मधून हद्द गेलेली. अलीकडच्या ओट्यावर बसलेला माणूस एका महाराजांचा, पलीकडच्या ओट्यावरचा दुसऱ्यांचा. दोन दरबार, दोन कचेऱ्या, दोन तुरुंग. नीलकंठराव यातल्या एका तुरुंगाचे दरोगा होते. कुठल्या पातीच्या ते सांगत नाही. दोन्हीकडची नातवंडं अजून गावात आहेत आणि त्यांना राग लवकर येतो.

नीलकंठरावांच्या कारकिर्दीत तुरुंगातून एकही कैदी पळाला नव्हता. हे ते लग्नात सांगत, मुंजीत सांगत, एकदा कुणाच्या तेराव्यालाही त्यांनी सांगितलं होतं. खरी गोष्ट अशी, की तुरुंगात वीस-बावीस माणसं असायची, बहुतेक बैलचोर नाहीतर चोरून दारू गाळणारे, आणि त्यांना दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी नि तुरीची डाळ मिळायची. संवत छप्पनच्या मोठ्या दुष्काळाला फार वर्षं लोटली नव्हती. बाहेर तेवढं मिळेल याची खात्री नसताना पळून जाणार कोण? पण हे दरोगासाहेबांना सांगायची छाती कुणाची नव्हती, आणि माळव्यातला कैदी उगाच कुणाचं मन दुखवत नाही.

एकदा इंदूरच्या छावणीतला एक साहेब विलायतेला परत निघाला. जाण्यापूर्वी तो दरबारात भेटीला आला, तेव्हा बग्गीत त्याच्या मडमेच्या मांडीवर पग जातीच्या कुत्र्याची दोन पिल्लं होती. मांजराएवढी, चपट्या नाकाची, तोंडाला काजळ फासल्यासारखी काळी. बोटीवरून ती नेणं जमणार नव्हतं. साहेबानं जमलेल्या अंमलदारांकडे पाहून विचारलं, ही कोण सांभाळील? सगळे आपापल्या पागोट्याचे पेच तपासू लागले. नीलकंठराव तेवढे पुढं झाले.

"संभालो," साहेब म्हणाला, "भागता बहुत है."

"हुजूर," नीलकंठराव छाती काढून म्हणाले, "मेरे यहाँ से तो आज तक डाकू नहीं भागा."

एकाचं नाव टोबी, दुसरीचं डेझी. घरी येईपर्यंत गाडीवानानं टोबीचा तोबा करून टाकला होता, आणि दरोगासाहेबांच्या आईनं, माईंनी, उंबऱ्यातच विचारलं, "काय नाव म्हणालास? देशी? मग विलायतेहून कशाला आणली?"

माईंचं सोवळं कडक. कुत्र्यांनी माजघराची पायरी चढायची नाही, असा हुकूम सुटला. दरोगासाहेबांच्या बायकोनं, यमुनाबाईंनी, मागच्या पडवीत जुनी गोधडी टाकली आणि दूधभाताची वाटी ठेवली. दोन दिवसांत पिल्लं त्यांच्या पायात पायात घोटाळू लागली. त्या भाजी निवडायला बसल्या की एक डाव्या मांडीशी, एक उजव्या.

"हा बंदोबस्त नव्हे," नीलकंठराव म्हणाले. त्यांनी मानाजी सुताराला बोलावलं.

मानाजी मोठा बोलका कारागीर. दरबारच्या पालखीला आपण हात लावलाय असं तो सांगे. कुणी म्हणत, फक्त हातच लावला होता. त्यानं सागवानी फळ्यांचं कमरेएवढं उंच कुंपण उभं केलं, कडी घातली, वर कोरीव कमळं काढली. झाकण काही केलं नाही.

"आणि वरून?" नीलकंठरावांनी विचारलं.

"सरकार, कुत्रं उडत नाही."

चैत्रात सगळी मंडळी टेकडीवर देवीच्या दर्शनाला गेली. पिल्लं कुंपणात, घराला कुलूप. संध्याकाळी परत येऊन पाहतात तो कडी जिथल्या तिथं आणि कुंपण रिकामं. आत गोधडी ओढून ओढून कोपऱ्यात तिचा ढीग केलेला, ढिगावर वाटी पालथी. अंगणात माईंनी धोतरावर घातलेल्या कुरडयांवरून पावलांची एक रांग मोरीपर्यंत गेलेली, आणि मोरीच्या भोकातून बाहेर.

"उडालं वाटतं कुत्रं," यमुनाबाई म्हणाल्या. नीलकंठरावांनी ते ऐकलं नाही असं दाखवलं.

पिल्लं सापडली ती रस्त्यापलीकडे, बळवंतरावांच्या ओट्यावर. बळवंतराव म्हणजे दुसऱ्या पातीचे फौजदार. भरलेलं घर, सहा मुलं, दोन काकवा, एक म्हातारी आत्या, सकाळपासून रात्रीपर्यंत ओट्यावर कुणी ना कुणी सुपारी कातरत बसलेलं. दोन्ही पिल्लं त्यांच्या धाकट्या लेकीच्या परकरात झोपली होती.

"या या, दरोगासाहेब," बळवंतराव मिशीतल्या मिशीत हसत म्हणाले. "आमच्या हद्दीत दोन परदेशी इसम बेवारस हिंडताना आढळले. कोतवालीत टाकावं म्हणत होतो, पण बेड्यांचं माप मिळेना."

नीलकंठरावांनी एकेक पिल्लू एकेका काखेत मारलं आणि रस्ता ओलांडला. दोन्ही ओट्यांवरची माणसं बघत होती.

घरी चौकशी बसली. मोलकरीण सीता हिला पडवीत उभं करून तिची जबानी घेतली. ती दुपारीच भांडी घासून गेली होती, तरी तीनतीनदा तेच विचारल्यावर ती रडायला लागली. मग यमुनाबाईंची पाळी आली.

"गोधडी कुणी दिली?"

"मी दिली."

"म्हणजे फरार होण्याचं साधन पुरवलंस."

"तेव्हा थंडी होती हो," यमुनाबाई म्हणाल्या. "आणि घरात माणूस असलं की ती कुठं जातात सांगा? दिवसभर माझ्या पायाशी पडलेली असतात. घर रिकामं झालं की माणसं शोधत निघतात."

"तोच तर त्यांचा कावा आहे," नीलकंठराव म्हणाले.

त्यांनी मानाजीचं कुंपण जळणात टाकलं, कमळांसकट, आणि तुरुंगातल्या लोहारकामाच्या कोठारातून एक जुनं गजांचं दार काढवलं. त्याचा पिंजरा झाला. वर गज, चारी बाजूंना गज, पुढं तुरुंगाचं हातभर कुलूप. ते पाहायला आळीतली माणसं आली. "यातून हत्ती जाणार नाही," नीलकंठराव गजावर किल्ली वाजवत म्हणाले, आणि ते अगदी खरं होतं. गज माणसाच्या मापाचे होते. एके दिवशी मंडळी शेजारच्या बारशाला गेली आणि तोबा नि देशी त्या गजांमधून, पोट किंचित आत ओढून, चालत बाहेर पडली. कुलपाला धक्कासुद्धा लागला नव्हता.

पुन्हा बळवंतरावांचा ओटा. पुन्हा दोन काखा.

तिसऱ्या वेळी नीलकंठरावांनी पाळत ठेवायचं ठरवलं. आई आणि बायकोला देवळात धाडलं, घराला बाहेरून कुलूप घालायला लावलं आणि स्वतः पडवीवरच्या माळ्यावर मिरच्यांच्या पोत्यामागे दबा धरून बसले. पिल्लं शांत झोपली. एक प्रहर गेला. त्यांनी कूससुद्धा बदलली नाही. शेवटी मिरच्यांच्या खकाण्यानं दरोगासाहेबांना अशी शिंक आली, की माळ्यावरचं सूप खाली आलं. पिल्लांनी वर पाहिलं, शेपट्या हलवल्या आणि पुन्हा डोळे मिटले. माळ्यावर माणूस आहे हे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं.

एव्हाना गावात बोलणं सुरू झालं होतं. बाजारात कुणाची शेळी सुटली तरी लोक म्हणत, दरोगासाहेबांकडे ठेवली होती काय? नीलकंठरावांनी लग्नकार्यात न पळालेल्या कैद्यांविषयी बोलणं सोडलं. रात्री जेवताना ते पिल्लांकडे पाहत नसत.

वैशाखात धारला चुलतभावाच्या मुलीचं लग्न निघालं. चार-पाच दिवस घर बंद राहणार होतं.

"सीतेच्या घरी ठेवू," यमुनाबाई म्हणाल्या. "तिची पोरं आहेत, खेळतील."

"ती तुरुंगात राहतील," नीलकंठराव म्हणाले.

"काय गुन्हा केला म्हणून?"

तुरुंगात एक कोठडी होती, जाड फळ्यांच्या दाराची, गज नसलेली, भांडकुदळ कैद्यासाठी राखलेली. आजवर तिथं कुणाला ठेवावं लागलं नव्हतं. तोबा आणि देशी हे तिचे पहिले कैदी. निघताना नीलकंठरावांनी मुख्य पहारेकरी शालिग्राम याला बोलावलं.

"एक जरी पळालं ना, तर त्या कोठडीत तुला घालीन."

शालिग्राम म्हणाला, "जी हुजूर."

धारला लग्न छान झालं. नीलकंठरावांनी पाच दिवसांत बंदोबस्ताचा शब्द काढला नाही, पण त्यांची झोप बरी लागली. इंदूरवरून टांग्यानं परत येताना ते गाणंही गुणगुणत होते. देवासच्या वेशीत टांगा शिरला आणि समोरून आरोळ्या ऐकू आल्या.

"तोबा! तोबा!"

पायात बेड्या घातलेला एक बैलचोर रस्त्याच्या कडेनं प्रत्येक गटारात वाकून बघत ओरडत होता. पुढं दुसरा, एका ओट्याखाली रांगत. देवळाच्या कट्ट्यावर तिघं उभे राहून चौफेर हात करत होते. "तोबा! अरे तोबा!"

माईंनी टांग्यातून मान बाहेर काढली. "नीळू, तुझ्या कैद्यांना पश्चात्ताप झाला वाटतं."

झालं होतं असं. कोठडीला दार जाड होतं, पण पाणी जायला भिंतीत मोरी होती. त्याच दिवशी सकाळी शालिग्राम दूध घेऊन गेला तेव्हा कोठडीत काळोखाखेरीज काही नव्हतं. त्याच्याजवळ पहारेकरी मोजून चार. चौघांनी सारं गाव कसं पालथं घालायचं? त्यानं दोन्ही बराकी उघडल्या आणि कैद्यांना हात जोडले. "भिया, म्हारी नौकरी को सवाल है," तो म्हणाला. कैदी बिचारे भले. सगळेच्या सगळे शोधायला बाहेर पडले.

नीलकंठराव टांग्यातून उतरले ते थेट बळवंतरावांच्या ओट्यासमोर. तिथं रस्त्याच्या बरोबर मध्यावर सात-आठ कैदी घुटमळत उभे होते. पलीकडे पाऊल टाकलं तर दुसरं राज्य लागतं. परक्या राज्यात बेड्यांसकट शिरणं कायद्यात बसतं की नाही, यावर त्यांची आपसात चर्चा चालली होती.

"नीलकंठराव," बळवंतराव ओट्यावरून म्हणाले, "आपला तुरुंग माझ्या दारात आला आहे. चहा टाकायला सांगू की फौज बोलावू?"

नीलकंठरावांचं पागोटं एका कानावर आलं होतं. शालिग्राम धावत आला आणि त्यांच्या पायाशी बसला.

"गिनती घे," ते कसेबसे म्हणाले.

दिवेलागणीपर्यंत सगळे कैदी आपण होऊन परतले, कारण जेवणाची वेळ झाली होती. शालिग्रामनं दोनदा मोजले. "हुजूर, गिनती पुरी है," तो म्हणाला, मग अडखळला. "एक जास्ती है."

शोधाशोधीत बाजारातला एक भुकेला हमाल मिसळला होता. तो पंक्तीत बसून भाकरी मोडत होता आणि उठायला तयार नव्हता.

दरबारातून दुसऱ्या दिवशी बोलावणं आलं. दिवाणसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं, ऐकताना दोनदा रुमाल तोंडाला लावला. "कैदी एकही पळाला नाही, हे मान्य," ते म्हणाले. "उलट दरबारचा एक कैदी वाढला. जा, पण ती पिल्लं पुन्हा तुरुंगात आणू नका. आमच्या भिंतींना ती झेपत नाहीत."

पिल्लं होती अर्थातच बळवंतरावांच्या घरी. कैदी रस्त्यावर हाका मारत होते तेव्हा ती स्वयंपाकघरात आत्याबाईंच्या पाटाशेजारी पोळीचा तुकडा चघळत होती. नीलकंठराव त्यांना न्यायला गेले. या वेळी बळवंतराव हसले नाहीत.

"न्या की," ते म्हणाले. "मी अडवत नाही. हाक मारा, आली तर आपली."

ओट्यावर दहा माणसं बसली होती. नीलकंठरावांनी घसा साफ केला. आयुष्यात त्यांनी हुकूम पुष्कळ दिले होते. हाक कशी मारतात ते आठवायला थोडा वेळ लागला.

"तोबा," ते हळूच म्हणाले. मग आणखी हळू, "देशी."

दोन्ही पिल्लं धावत आली. त्यांच्या जोड्यांचा वास घेतला, बोटं चाटली, गोल गोल फिरली. आणि त्यांनी उचलायला हात पुढं करताच वळून आत्याबाईंच्या पाटाकडे गेली.

"राहू द्या," नीलकंठराव म्हणाले. आवाज नेहमीसारखा काढायचा त्यांनी प्रयत्न केला. "तपास पूर्ण होईपर्यंत इथंच ठेवावीत. मी येऊन पाहत जाईन."

ते खरंच जाऊ लागले. पहिल्यांदा आठवड्यातून एकदा, कचेरीच्या पोशाखात, हातात छडी घेऊन. पावसाळा लागेपर्यंत रोज, घरच्या बंडीत. यमुनाबाई सोप्यातून पाहत. एकदा त्या माईंना म्हणाल्या, "घरात होती तेव्हा कधी हात लावला नाही." माई म्हणाल्या, "तूही बोलू नकोस, नाहीतर तेही थांबवील."

श्रावणातल्या एका संध्याकाळी दिवे लागले तरी दरोगासाहेब घरी आले नाहीत. पानं वाढून झाली होती. यमुनाबाईंनी सीतेला रस्त्यापलीकडे पाठवलं.

बळवंतराव आणि त्यांची माणसं जेवायला आत गेली होती. रिकाम्या ओट्यावर नीलकंठराव एकटेच भिंतीला टेकून बसले होते. देशी त्यांच्या मांडीवर घोरत होती, तोबा त्यांच्या सदऱ्याची बाही दातात धरून झोपला होता. त्यांचा एक पाय कधीचा मुंग्या येऊन बधिर झाला असावा, कारण तो त्यांनी विचित्रच लांब पसरला होता.

"सरकार, पानं वाढलीत," सीता म्हणाली. "बाईसाहेब वाट बघतायत."

नीलकंठरावांनी तिला बोटानं गप्प केलं.

"सांग," ते कुजबुजले, "म्हणावं, चौकशी चालू आहे."